८० सिरीज लँड क्रूझर: पुढच्या नकलमधून काळं ग्रीस गळतंय आणि वळताना टकटक, एकदाच उघडायचं तर काय काय बदलायचं?

लॅडरफ्रेम (प्रश्न)

गाडी १९९५ ची, १एफझेड-एफई पेट्रोल इंजिन, फुल टाइम फोर व्हील ड्राइव्ह, एबीएस आहे, पुढे-मागे सॉलिड अ‍ॅक्सल. सस्पेन्शन मूळचंच. टायर २७५/७० आर१६.

लक्षणं अशी:

डाव्या पुढच्या चाकामागे अ‍ॅक्सलचा जो गोल बॉल आहे (चाकासकट वळणारी नकल त्यावरच बसते) त्यावर काळा, पातळ चिखल येतो. पुसला तर दोनशे-तीनशे किलोमीटरमध्ये परत तेवढाच. उजवीकडे नुसता ओलसरपणा, थेंब नाही.

स्टिअरिंग पूर्ण फिरवून सावकाश गोल घेतला की पुढून टक-टक-टक. सरळ जाताना आवाज नाही.

पुढच्या डिफमधलं (डिफरन्शियलमधलं) तेल भरण्याच्या भोकापासून बोटभर खाली गेलं आहे.

ताशी ७०-८० ला एखादा खड्डा एका चाकाखाली आला की स्टिअरिंग दोन-तीन सेकंद थरथरतं आणि आपोआप थांबतं. स्टिअरिंग डॅम्पर नवा टाकूनही फरक नाही.

काम घरीच करायचं आहे. साधारण हत्यारं आहेत, हब उघडण्याचा सॉकेट नाही. नुसतं ऑइल सील बदलून भागेल, की बेअरिंगसकट सगळं? आणि पुढेमागे ५० मिमी लिफ्ट करायचा (स्प्रिंगांनी गाडी उंच करायचा) विचार आहे, तो याच वेळी उरकावा की नंतर?

---

सर्क्लिप

चार वेगळी दुखणी वाटत असली तरी तीन एकाच जागची आहेत. आधी आत काय चाललंय ते बघा, म्हणजे कुठला भाग घ्यायचा ते आपोआप ठरेल.

त्या बॉलच्या आत बर्फील्ड जॉइंट (चाक वळलेलं असतानाही शाफ्टची ताकद चाकाला देणारा सांधा, वळताना टकटक करतो तो हाच) जाड मोली ग्रीसमध्ये बुडालेला असतो. अ‍ॅक्सलच्या नळीत डिफचं तेल असतं. दोघांच्या मध्ये एकच गोष्ट, आतलं अ‍ॅक्सल ऑइल सील. ते गेलं की तेल नकलमध्ये शिरतं, ग्रीस पातळ होतं आणि बॉलवरच्या वायपर सीलमधून बाहेर येतं. वायपर सील जाड ग्रीस अडवण्यासाठी आहे, तेल अडवणं त्याचं काम नाही. म्हणून बाहेरून नवा वायपर टाकला तर महिनाभर कोरडं दिसेल, पुढे जैसे थे. तुमची डिफची पातळी उतरलीय, म्हणजे आतलं सील गेलंय यात शंका ठेवू नका.

खरा प्रश्न ते सील का गेलं हा आहे. कारणं चार:

१. वय. रबर कडक झालं. ही सगळ्यात सोपी शक्यता.

२. डिफचा ब्रीदर (हवा बाहेर सोडणारी झडप) तुंबला. तेल तापलं, हवा फुगली, वाट मिळेना, मग सीलच्या ओठातून बाहेर.

३. किंगपिनची बेअरिंगं (नकल ज्यांवर वळते ती वरची-खालची) सैल. नकल बॉलवर डुलते, शाफ्ट मध्यावर राहत नाही आणि सीलचा ओठ एका बाजूने दाबला जातो, दुसऱ्या बाजूने उघडा पडतो.

४. शाफ्टवर सील बसतं तिथे चर पडली. नखाने तपासा. नख अडकलं तर नवं सीलही टिकणार नाही.

आता तुमच्या थरथरण्याकडे. पुढचं चाक उचला, घोडीवर घ्या, वर-खाली (घड्याळातल्या १२ आणि ६ च्या जागी) धरून हलवा. खेळ जाणवला तर कुणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगा आणि परत हलवा. ब्रेक दाबला की हब आणि नकल एक होतात. खेळ गेला तर तो व्हील बेअरिंगचा होता. खेळ तसाच राहिला तर किंगपिन बेअरिंगचा. मग ३ आणि ९ च्या जागी हलवा. तिथेच खेळ असेल तर टाय रॉड एंड बघा.

पॅनहार्ड रॉडचे (अ‍ॅक्सल डावी-उजवीकडे सरकू न देणारी आडवी दांडी) बुश मात्र चाक हलवून कळत नाहीत. गाडी जमिनीवर ठेवून एकाने इंजिन चालू करून स्टिअरिंग थोडंथोडं डावी-उजवीकडे करायचं, दुसऱ्याने रॉडच्या टोकांकडे बघायचं. बुशमध्ये रॉड सरकताना दिसला की संपलं.

डॅम्पर बदलून काही होत नाही हे तुम्ही बघितलंच. तो थरथर झाकतो, घालवत नाही.

---

पाना_चौपन्न

वरचं निदान बरोबर. या वयाच्या गाडीची नकल उघडलीच आहे तर अर्धवट काम करू नका. प्रत्येक बाजूला लागणारे भाग: आतलं अ‍ॅक्सल सील, वरचं-खालचं किंगपिन बेअरिंग कपासकट, वायपर सीलचा सेट (फेल्ट, रबर, लोखंडी कडं), स्पिंडलचे (हब ज्यावर फिरतं ती पोकळ दांडी) कागदी गॅस्केट, हबचं मागचं सील, हबमधल्या नट्समधला लॉक वॉशर, ड्राइव्ह फ्लँजचा (शाफ्टची ताकद हबला देणारी तबकडी) गॅस्केट. व्हील बेअरिंगं उघडल्यावर ठरवा. रोलर आरशासारखे असतील तर धुऊन परत वापरता येतात. निळसर डाग, खड्डे किंवा रेघ दिसली तर कपासकट बदला. रोलर नवे आणि कप जुना, असं कधीच नाही.

हत्यारांत हबच्या नटचा ५४ मिमी सॉकेट हवाच. छिन्नीने नट फिरवणारे लोक आहेत, त्यांच्या नटांच्या कडा आणि स्पिंडलचे आटे बघून शहाणं व्हावं. शिवाय पितळेची जाड सळई, टॉर्क रेंच, सर्क्लिपचे पक्कड, टाय रॉडचा पुलर आणि एक स्प्रिंगचा ताणकाटा (१० किलोपर्यंतचा पुरे). तो काटा का, ते पुढे येईल.

उघडण्याचा क्रम:

डिफचा भरण्याचा बोल्ट आधी सैल करून बघा, मगच खालचा काढा. वरचा निघत नाही हे तेल सांडल्यावर कळलं तर गाडी तिथेच. खालच्या बोल्टच्या चुंबकावर राखाडी लापशी असेल तर ठीक, तुकडे असतील तर विषय वेगळा. तेल दुधी असेल तर पाणी शिरलंय.

घोडी अ‍ॅक्सलच्या नळीखाली द्या, मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे. दोन टनांवरची गाडी आहे, जॅकच्या भरवशावर खाली हात घालायचा नाही.

एबीएसचा सेन्सर सगळ्यात आधी काढून वायरसकट वर बांधून ठेवा. नंतर काढू म्हटलं की हातोडा नेमका त्याच्यावर पडतो. तो गंजून बसला असेल तर ओढू नका, गंजाचं तेल मारून थोडं थोडं फिरवा.

कॅलिपर काढून तारेने स्प्रिंगला टांगा, होजवर लोंबकळत ठेवू नका.

मधली टोपी काढा, शाफ्टच्या टोकावरची सर्क्लिप काढा. ड्राइव्ह फ्लँजचे सहा नट सैल करा, पण पूर्ण काढू नका, टोकाशी दोन आट्यांवर राहू द्या. आत कोन वॉशर असतात, फटीचे, निमुळते. ते स्टडभोवती घट्ट चावून बसतात. पितळी सळई स्टडच्या टोकावर ठेवून एक ठाम घाव. हळूहळू दहा टोले मारले तर स्टडची टोकं पसरतात आणि कोन तिथेच. वॉशर उडी मारून बाहेर येतात आणि त्यांना अडवायलाच ते नट ठेवलेले.

लॉक वॉशरची वाकवलेली पाकळी सरळ करा, ५४ चा सॉकेट लावून बाहेरचा नट, वॉशर, आतला नट आणि थ्रस्ट वॉशर काढा. हब डिस्कसकट बाहेर ओढताना पुढचं बेअरिंग अंगठ्याने धरा, नाहीतर ते थेट मातीत.

स्पिंडलचे आठ बोल्ट, मग धुळीचं पत्र्याचं झाकण. स्पिंडल चिकटलेलं असतं, पितळेने चारी बाजूंनी टोकत सोडवा. इथे काळं सूप सांडणार, खाली तसराळं ठेवा.

शाफ्ट काढताना बर्फील्डची सपाट बाजू वर करा, तरच तो नकलच्या तोंडातून निघतो. जोर लावायची गरज पडली तर तुमची सपाट बाजू चुकली आहे.

मग टाय रॉड एंड. ज्या बाजूला ड्रॅग लिंक (स्टिअरिंग बॉक्सकडून येणारी दांडी) येते तिथे तोही. नट दोन आटे ठेवून पुलर लावा, रबर बूट वाचवायचे असतील तर मधे ठोकायचा दुटोकी फाटा वापरू नका. वायपर सीलचे बोल्ट काढून सेट मागे सरकवा. त्यातल्या तीन थरांचा क्रम आणि कुठली बाजू कुणीकडे हे फोटो काढून ठेवा.

शेवटी खालच्या स्टिअरिंग आर्मचे चार नट (इथेही कोन वॉशर) आणि वरच्या टोपीचे चार. टोपी आणि आर्म या दोन्हींखाली शिम (पातळ पत्र्याच्या चकत्या) असतात. वरच्या वरच्याच, खालच्या खालच्याच. दोन वेगळ्या पिशव्यांत ठेवून त्यावर बाजू लिहा. कारखान्यात नकल अ‍ॅक्सलच्या मध्यरेषेवर बसवली जाते ती याच शिमांनी. मध्यरेषा तपासायला वेगळं खास हत्यार लागतं, ते घरी नसतं. म्हणून जुन्या शिम जुन्या जागी, हा नियम. वरची खाली आणि खालची वर झाली तर नकल मध्यावरून सरकते आणि नवं सील पहिल्या दिवसापासून वाकडं चालतं. "नवीन सील टाकलं तरी परत गळतंय" या तक्रारींत हे कारण फार सापडतं.

जुनं सील हुकने ओढून काढा. नळीच्या आतली भिंत ओरखडू नका. नवं सील सरळ बसवायला योग्य मापाची नळी किंवा सॉकेट घ्या, कडेला समतल झालं की थांबा. ओठावर थोडं ग्रीस. शाफ्टवर चर असेल आणि शाफ्ट बदलायचा नसेल तर त्यावर बसणारी पातळ स्टीलची बाही मिळते का बघा. नाहीतर सील एक-दीड मिमी वेगळ्या खोलीवर बसवा म्हणजे ओठ ताज्या पृष्ठभागावर येईल. हा जुगाड आहे, पण चालतो.

किंगपिनचे जुने कप बॉलच्या आतून सळईने ठोकून निघतात. नवा कप ठोकायला जुन्याच कपाचा उपयोग करा, फक्त त्याला ग्राइंडरने एक फट पाडा, नाहीतर तोही तिथेच अडकून बसतो.

बॉल रॉकेलने धुवा, गंजाचे डाग बारीक पॉलिश पेपरने काढा. खोल खड्डे असतील तर इपॉक्सी भरून घासता येतं. खडबडीत बॉलवर कुठलाही वायपर चार महिन्यांत फाटतो.

आणि ती हमखास होणारी चूक: नकल परत चढवण्याआधी वायपर सीलची कडी अ‍ॅक्सलवर सरकवून ठेवा. नकल, आर्म, शिम सगळं आवळून झाल्यावर रबर टेबलावर पडलेलं दिसलं की परत पहिल्यापासून.

शाफ्ट आत घालताना एका हाताने खालून उचलून धरा. स्प्लाइनचे दात नव्या सीलच्या ओठावरून घासले की ते सील जुनंच झालं समजा.

---

लॅडरफ्रेम

खूपच उपयोगी. चाक हलवून बघितलं. डावीकडे १२-६ ला खेळ आहे आणि ब्रेक दाबल्यावरही तेवढाच राहतो. म्हणजे किंगपिन. उजवीकडे खेळ नाही. तीन गोष्टी विचारतो: ताणकाट्याने नेमकं काय मोजायचं? ग्रीस कुठलं आणि किती? टकटक करणारा बर्फील्ड टाकूनच द्यायचा का?

---

ग्रीसचा_डबा

ताणकाटा दोनदा लागतो.

पहिल्यांदा किंगपिनसाठी. नकल बेअरिंग आणि शिमांसह चढवून आर्मचे नट ९६ न्यूटन मीटरला आवळा. वायपर सील, शाफ्ट आणि टाय रॉड यांतलं काहीही जोडलेलं नको. काटा आर्मच्या टाय रॉडच्या भोकात अडकवा, आर्मशी काटकोनात ओढा. नकल फिरायला लागते त्या क्षणी काटा ३ ते ६ किलोच्या मध्ये दिसला पाहिजे. जुन्या शिमा आणि नवी बेअरिंगं, यात बहुतेकदा तो आकडा आपोआप येतो. कमी आला तर शिम पातळ करायची, जास्त आला तर जाड. पण फरक वर-खाली सारखा वाटा, सगळा एकाच बाजूने घेतला तर नकल मध्यावरून हलते. आणि मोजण्याआधी नकल दहा-पंधरा वेळा टोकापासून टोकापर्यंत फिरवा. कप पूर्ण बसलेले नसतील तर पहिला आकडा खोटा येतो.

हा ताण नसला की तुमची थरथर. सैल किंगपिनवर चाकाला डुलायला जागा मिळते, खड्डा फक्त सुरुवात करून देतो.

दुसऱ्यांदा व्हील बेअरिंगसाठी. आतला नट ५९ न्यूटन मीटरला आवळा, हब दोन्ही दिशांनी भरपूर फिरवा, परत आवळा. मग हाताने फिरेल इतका सैल करून अगदी हलका, पाचेक न्यूटन मीटर ताण द्या. काटा चाकाच्या स्टडला अडकवून ओढा. हब हलायला साधारण ३ ते साडेपाच किलो लागले पाहिजेत. आता लॉक वॉशर आणि बाहेरचा नट ६४ न्यूटन मीटरला. त्यानंतर परत मोजा. बाहेरचा नट आवळला की आतला थोडा आत ढकलला जातो आणि आकडा वाढतो. म्हणून दोन-तीनदा पुढे-मागे करावं लागतं. जमलं की लॉक वॉशरची एक पाकळी आतल्या नटवर, एक बाहेरच्यावर वाकवा.

बाकीचे टॉर्क: स्पिंडलचे बोल्ट ४६, ड्राइव्ह फ्लँजचे नट ३५, कॅलिपर १२३ न्यूटन मीटर.

ग्रीस: बर्फील्ड आणि नकलमध्ये मॉलिब्डेनम डायसल्फाइडचं (मोली), एनएलजीआय २ (ग्रीसच्या घट्टपणाचा क्रमांक). व्हील बेअरिंगला लिथियमचं उच्च तापमानाचं. दोन वेगवेगळ्या साबणाची ग्रीसं एकत्र आली तर काही जोड्या पातळ होऊन वाहतात, म्हणून जुनं पुसून नव्हे तर धुऊन काढा. बर्फील्डच्या गोळ्यांमध्ये ग्रीस बोटाने दाबून भरा, दुसऱ्या बाजूने बाहेर येईपर्यंत. मग नकलची पोकळी साधारण तीन चतुर्थांश. ठासून भरू नका, तापल्यावर फुगायला जागा लागते. ४०० ग्रॅमची एक ट्यूब एका बाजूला पुरत नाही, जास्त आणून ठेवा. नकलच्या वर एक प्लग असतो, तो उघडून पुढे दर सर्व्हिसला ग्रीसची जाडी बघता येते. बोटाला लोण्यासारखं लागलं तर सील ठीक, तेलासारखं वाहिलं तर परत तिथेच आलात.

बर्फील्ड लगेच फेकू नका. गाडी जवळपास सगळा वेळ पुढेच जाते, मागे फार थोडा वेळ, त्यामुळे गोळ्यांच्या खाचांची मुख्यतः एकच बाजू झिजते. डावा उजवीकडे आणि उजवा डावीकडे टाकला की न झिजलेली बाजू कामाला येते. आतल्या शाफ्टची लांबी दोन्हीकडे वेगळी आहे, म्हणून शाफ्टसकट अदलाबदल होत नाही. बर्फील्ड शाफ्टपासून सोडवावा लागतो. शाफ्ट मऊ जबड्यांच्या व्हाइसमध्ये धरा, आतल्या रेसवर पितळेने ठोका, आतली सर्क्लिप सोडते. ती क्लिप नवीच टाका.

उघडून सहा गोळ्या काढा, पिंजरा तपासा. पिंजऱ्याच्या खिडक्यांना कोपऱ्यात तडा, गोळ्यांवर खड्डे किंवा रेसवर निळा रंग असेल तर अदलाबदल नको, नवा घ्या. आणि उघडण्याआधी पिंजरा, आतली रेस आणि बाहेरची वाटी या तिन्हींवर रंगाची खूण करा. उलटं बसलं तर जॉइंट पूर्ण वळत नाही.

---

सर्क्लिप

एक दुरुस्ती सुचवतो. व्हील बेअरिंगला पुस्तकातला खालचा आकडा (३ किलो) ठेवू नका, वरच्या टोकाला ठेवा. मोठे टायर असतील तर नक्कीच. खालच्या टोकाला ठेवलेलं बेअरिंग हजार-दीड हजार किलोमीटरमध्ये बसतं आणि खेळ दाखवायला लागतं.

---

ग्रीसचा_डबा

मान्य, नवी बेअरिंगं असतील तर. जुनी धुऊन टाकली असतील तर ती आधीच बसलेली आहेत, मधला आकडा पुरतो. वर जाण्यात धोका एवढाच की लॉक नटनंतर न मोजणारा माणूस वरच्या टोकावरून थेट बाहेर जातो आणि बेअरिंग भाजतं. पहिल्या वीस-पंचवीस किलोमीटरनंतर हबला हात लावून बघा. दोन्ही बाजू सारख्या कोमट हव्यात. एकच चटका देत असेल तर ती परत उघडा.

---

पाना_चौपन्न

खालच्या आर्मच्या स्टडबद्दल जरा सविस्तर, कारण ही जागा दुर्लक्षित राहते आणि सगळं स्टिअरिंग तिथेच टांगलेलं आहे.

हे चार स्टड सैल होतात. ग्रीस आणि तेल आट्यांत शिरलेलं असतं, कोन वॉशर अर्धा बसलेला असतो, टॉर्क रेंच ९६ ला टिक करतो आणि माणूस पुढे जातो. पाचशे किलोमीटरनंतर कोन आत बसतो, नट सैल पडतो, आर्म स्टडवर घासायला लागतो, मग एक स्टड तुटतो आणि उरलेल्या तिघांवर भार येतो.

उपाय: स्टड काढा, वाकलेला किंवा मानेवर घासलेला एक जरी दिसला तर चारही नवे. नकलमधली भोकं ब्रेक क्लीनरने धुऊन हवेने वाळवा, तेलाचा अंश नको. स्टडच्या नकलकडच्या आट्यांना थ्रेड लॉकर. कोन वॉशर आणि त्यांची निमुळती भोकं कोरडी, स्वच्छ. नट फुलीच्या क्रमाने तीन टप्प्यांत आवळा. शेवटच्या टप्प्याआधी आर्मवर हातोड्याने दोन-तीन टोले द्या म्हणजे कोन बसतात, मग परत ९६. पेनाने नट ते आर्म अशी रेघ ओढून ठेवा. ५०० आणि १,००० किलोमीटरला रेंच लावून बघा. रेघ सरकलेली दिसली तर तेवढा नट आवळून भागत नाही, चारही काढून कोन बघावे लागतात.

आणखी एक: गॅस्केटऐवजी सिलिकॉन थापणारे असतात. स्पिंडलवर जाड थर लावला तर तो आतबाहेर दोन्हीकडे दबतो, आतला तुकडा सुटून ग्रीसमध्ये फिरतो आणि बर्फील्डमध्ये जातो. कागदी गॅस्केटच टाका.

डावीकडचे ब्रेक पॅडही बघा. तेल लागलेला पॅड धुऊन, भाजून परत चांगला होत नाही. तो बदला, तोही दोन्ही बाजूंचा जोडीने, नाहीतर ब्रेक लावल्यावर गाडी एका बाजूला ओढेल. डिस्क ब्रेक क्लीनरने पुसली की पुरे.

---

उतारावर

ब्रीदरचा मुद्दा वर एका ओळीत उरकला आहे. माझ्या मते पहिलं काम तेच, हातासरशी होतं.

पुढच्या अ‍ॅक्सलच्या नळीवर छोटी टोपी असते, आत एकमार्गी झडप. चिखल आणि गंजाने ती बंद होते. तोंडाने फुंकून बघायची नाही, काढून रॉकेलमध्ये बुडवा आणि टोपी बोटाने वर-खाली होते का ते पाहा. अडकत असेल तर बदला.

झडप चालू असली तरी एक तोटा राहतो. तापलेला अ‍ॅक्सल पाण्यात शिरला की आतली हवा आकसते, झडप बंद असल्याने हवा वरून येत नाही आणि मग सीलच्या ओठातून पाणी ओढलं जातं. म्हणून टोपी काढून तिथे नळीचा निपल लावा, त्यावर इंधनाला चालणारी ८ मिमी आतल्या व्यासाची होज, वर इंजिनच्या खोलीत फायरवॉलच्या उंच भागापर्यंत नेऊन टोकाला छोटा फिल्टर. मागच्या डिफलाही तसंच. गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केसच्या ब्रीदरचं तोंड कुठे येतं तेही त्याच वेळी बघून घ्या.

दोन चुका टाळा. होजला अ‍ॅक्सल पूर्ण खाली लोंबला तरी ताण येणार नाही इतका ढील ठेवा, पुढे लिफ्ट करणार असाल तर त्याचाही. आणि मधे कुठे खोलगट झोळ ठेवू नका, तिथे तेल-पाणी साचून तीच नळी तुंबते.

---

लॅडरफ्रेम

ब्रीदरची टोपी काढली. अजिबात हलत नाही, दगड झाली आहे. लिफ्टचं कुणी बोललं नाही.

---

कास्टर_तीन_अंश

लिफ्ट नंतर. नकल, बेअरिंग, टाय रॉड यांचा खेळ गेल्याशिवाय उंची वाढवली तर पुढे थरथर आली तेव्हा ती कशामुळे ते कळणार नाही. हजारभर किलोमीटर चालवा, स्टड परत तपासा, मग स्प्रिंगना हात लावा.

एक गैरसमज आधी दूर करतो. सॉलिड अ‍ॅक्सलमध्ये उंची वाढवली म्हणून बर्फील्डचा कोन वाढत नाही. तो फक्त स्टिअरिंग वळवल्यावर बदलतो. तो त्रास स्वतंत्र सस्पेन्शनच्या गाड्यांचा. बर्फील्डला मारतात ते मोठे, जड टायर आणि पूर्ण वळवलेल्या स्टिअरिंगवर दिलेला जोराचा अ‍ॅक्सिलरेटर.

५० मिमीला खरं बदलतं ते असं. पुढचा अ‍ॅक्सल दोन रेडियस आर्मवर लटकतो. गाडी वर गेली की आर्म खाली झुकतात, त्यांच्याबरोबर अख्खा अ‍ॅक्सल पुढे गोल फिरतो आणि कास्टर (किंगपिनचा मागे झुकलेला कोन) जातो. मूळ कास्टर साधारण ३ अंश, ५० मिमीला अंदाजे २ अंश कमी. एका अंशावर गाडी सरळ धरत नाही, वळणातून स्टिअरिंग स्वतःहून परत येत नाही. तो परत मिळवायला रेडियस आर्मच्या अ‍ॅक्सलकडच्या टोकाला ऑफसेट बुश किंवा कास्टर प्लेट टाकतात. बुश असतील तर त्यावरची खूण कुठल्या दिशेला हे दोनदा वाचा. उलटे दाबले गेले तर कास्टर वाढण्याऐवजी आणखी कमी होतो, आणि ते परत काढायला पुन्हा प्रेस.

कास्टर भरून काढला की त्याच प्रमाणात डिफचं नाक खाली जातं. मग पुढच्या प्रॉपेलर शाफ्टच्या दोन्ही टोकांचे कोन सारखे राहत नाहीत. फुल टाइम गाडीत तो शाफ्ट कायम फिरत असतो, त्यामुळे ठरावीक वेगाला घरघर येते. ५० मिमीला बहुतेकदा सहन होण्याइतकी. जास्त उंचीला वरच्या टोकाला डबल कार्डन जॉइंटचा (दुहेरी सांध्याचा) शाफ्ट लागतो. शाफ्ट उतरवलाच तर दोन्ही योक (टोकांचे सांध्याचे चिमटे) एकमेकांशी कसे होते त्याची आधी खूण करा आणि तसेच जोडा. स्प्लाइनवर एक दात चुकला तरी घरघर.

पॅनहार्ड रॉड तिरपा झाला की त्याची आडवी लांबी कमी होते आणि अ‍ॅक्सल रॉडच्या चासीकडच्या टोकाच्या बाजूला सरकतो. पुढे आणि मागे दोन्हीकडे. ५० मिमीला हे काही मिलिमीटरच असतं, लांबी बदलता येणारा रॉड टाकायलाच हवा असं नाही. मोजून ठरवा: दोन्ही बाजूंना टायरच्या कडेपासून चासीपर्यंतचं अंतर.

आता जे सगळे विसरतात ते. मागच्या अ‍ॅक्सलवरून एक सळई चासीवरच्या ब्रेकच्या झडपेकडे जाते. गाडी मागून किती दबली आहे त्यावरून ती झडप मागच्या ब्रेकला किती दाब द्यायचा ते ठरवते. मागची उंची वाढली की झडपेला वाटतं गाडी रिकामी आहे, आणि ती मागचे ब्रेक कमी करते. पुढचे पॅड लवकर झिजतात, थांबायला जास्त अंतर लागतं, आणि लोक पुढच्या पॅडला दोष देतात. स्प्रिंग उंचावल्या तेवढ्या प्रमाणात ती सळई किंवा तिची पट्टी परत जुळवा, म्हणजे सळईचा कोन आधी होता तसा येईल. यासाठी लिफ्टच्या आधी गाडी सपाट जागी उभी करून त्या सळईचा फोटो काढून ठेवा, नंतर आठवत नाही.

ब्रेकच्या होज आणि एबीएसच्या वायर अ‍ॅक्सल पूर्ण लोंबकळत असताना तपासा, स्टिअरिंग दोन्ही टोकांना फिरवून. ताणल्यासारखं वाटलं तर लांब होज घ्या. वायरींच्या क्लिपा सोडून थोडा ढील मिळतो. सस्पेन्शनच्या रबर बुशचे बोल्ट मात्र गाडी चाकांवर उभी असतानाच शेवटचे आवळा. हवेत आवळले तर बुश कायम पिळलेला राहतो आणि लवकर फाटतो.

---

लॅडरफ्रेम

ठीक, मग क्रम असा: आज ब्रीदर. पुढच्या आठवड्यात दोन्ही नकल, उजवीसुद्धा. बर्फील्डची अदलाबदल. लिफ्ट हजार किलोमीटरनंतर. उजवीकडे खेळ नाही, तरी बेअरिंगं बदलू ना?

---

ग्रीसचा_डबा

बदला. बर्फील्डच्या अदलाबदलीसाठी ती बाजू स्पिंडलपर्यंत उघडावीच लागणार, तिथून किंगपिनपर्यंत तासाभराचं काम उरतं. बेअरिंग काढल्यावर कपात बघा: रोलरच्या आकाराचे उभे ठसे दिसतील. गाडी बहुतेक वेळ सरळ चालते, रोलर एकाच जागी आपटतात आणि ठसे पडतात. असे ठसे असले की चाक हलवून खेळ कळत नाही, पण स्टिअरिंग मध्यावर किंचित अडकून सुटल्यासारखं वाटतं.

आणि बॉनेट उघडलंच आहे तर १एफझेडच्या मागच्या बाजूला, फायरवॉलजवळ, हीटरची एक आखूड, वाकडी होज आहे ती बोटाने दाबून बघा. हात जायला जागा नसते म्हणून ती वर्षानुवर्षं कुणी बदलत नाही, आणि फुटली की कूलंट मिनिटांत जातं. मऊ, फुगलेली किंवा क्लिपपाशी भेगाळलेली असेल तर पुढच्या आठवड्याची वाट बघू नका.

---

पाना_चौपन्न

डिफमध्ये तेल भरताना गाडी सपाट ठेवा, जीएल-५ दर्जाचं ८०डब्ल्यू-९०, भरण्याच्या भोकातून बाहेर यायला लागेपर्यंत. थोडं थांबून परत बघा. तेल नळीत दोन्हीकडे पसरायला वेळ लागतो आणि पातळी उतरते.

शाफ्टच्या टोकावरची सर्क्लिप शेवटी बसेना तर हातोडा उचलू नका. शाफ्टच्या टोकाला आटे असतात, त्यात एम८ चा बोल्ट फिरवून शाफ्ट बाहेर ओढून धरा, खाच दिसेल. बोल्टने ओढूनही खाच दिसत नसेल तर हब किंवा फ्लँज पूर्ण आत बसलेला नाही. बहुतेकदा कोन वॉशरच्या भोकात जुना गंज राहिलेला असतो.